वलगणीचे मासे आणि त्यांची मोजदाद

मृगाचा पहिला जोरदार पाऊस कोसळतो, ओहोळ गढूळ होऊन नदीकडे धावू लागतात, आणि त्याच वेळी नदीतील मासे उलट दिशेने ओहोळात, तेथून भातखाचरांत चढू लागतात. ठाणे-पालघरच्या पट्ट्यात यास वलगण म्हणतात. दक्षिण कोकणात हेच ‘चढणीचे मासे’ होत. दमणगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या सुरंगीसारख्या गावांना या सोहळ्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. मात्र त्याची नोंद ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फारशी रुजलेली नाही.

मासे चढतात ते अंडी घालण्यासाठी. नव्या पाण्याचा ओघ, गारवा व गढूळपणा यांनी त्यांना इशारा मिळतो. उथळ खाचरात पिल्लांना सूक्ष्म खाद्य विपुल असते आणि मोठ्या शिकारी माशांचा उपद्रव कमी असतो. वाहत्या पाण्याचे महत्त्व रोहू-कटल्यासारख्या माशांवरून सहज पटते. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात त्यांची अंडी पक्व होतात, पण मासे ती सोडत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन साधले. तोवर मत्स्यबीजासाठी पुराच्या नद्यांवरच विसंबावे लागे.

अमेरिकेतील कोलंबिया नदीवर बॉनव्हिल धरणात माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवलेली आहे. तेथे १९३८ पासून चढणारे मासे जातवार मोजले जातात. नदीत जन्मून समुद्रात वाढणारा व अंडी घालण्यास परतणारा स्टीलहेड मासा त्यांतलाच. संगोपन केंद्रातील पिल्लांचा पाठीवरील छोटा मांसल पर कापून सोडतात, त्यामुळे परतणारा मासा केंद्रातला की नदीतलाच, हेही ओळखता येते. आपल्याकडे हिलसा असाच समुद्रातून गंगेत चढे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यावर वरच्या अंगास त्याचे येणे फारच घटले.

ओहोळावर काचेची खिडकी बसविण्याचे कारण नाही. बांबूचा सापळा, घड्याळ व वही पुरे. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी सापळा लावावा. तारीख, नक्षत्र, पाऊस, पाण्याची खोली, सापळ्यांची संख्या, तास, जात आणि मासे, इतके रकाने आखावेत. खवल, मळे, शिंगटे, वाम ही स्थानिक नावेच लिहावीत. वृद्ध कोळी वा वारली शेतकऱ्यास शेजारी बसविल्यास जात ओळखण्यात चूक होणार नाही. मोजलेला मासा बांधाच्या वरच्या अंगास जिवंत सोडावा. पूर असता मुलांना काठाशी नेऊ नये, हे शिक्षकांनी कटाक्षाने पाहावे.

आता आकडा कसा वाचावा? समजा, एका वर्षी ४ सापळे ३ तास लावून ९६ मासे मिळाले, व पुढील वर्षी १० सापळे ३ तास लावून १५०. गावात म्हणतील, यंदा मासा वाढला! परंतु पहिल्या वर्षी १२ सापळा-तासांत ९६, म्हणजे दर सापळा-तासास ८. दुसऱ्या वर्षी ३० सापळा-तासांत १५०, म्हणजे अवघे ५. वाढले ते सापळे. तरीही एवढ्यावरून मासा घटला असे ठरविणे घाईचे होय. पाऊस उशिरा आला असेल, किंवा चढण रात्रीच होऊन गेली असेल. पावसाचा रकाना म्हणूनच आवश्यक आहे, आणि चार-पाच वर्षांच्या नोंदीवाचून निष्कर्ष काढू नये.

पोट फुगलेल्या माद्या किती, हेही निराळे लिहावे. वलगणीची चव त्या गाबोळीतच असते, हे कोण नाकारील? पण ओहोळाच्या संपूर्ण रुंदीस आडवे जाळे पडले, तर वर जाणारी एकही मादी खाचरापर्यंत पोहोचत नाही. निम्मे पात्र मोकळे ठेवणारी वाडी आणि पूर्ण अडविणारी वाडी यांच्या ओहोळांतील श्रावणातली पिल्ले त्याच वहीच्या पुढच्या पानावर मोजून ठेवता येतील.