मतभेदाची कसोटी
(अभ्यास लेख)

आपल्या समाजात एकी नाही, ही तक्रार आम्ही जयंतीच्या मंडपात ऐकतो आणि वर्षावासाच्या कार्यक्रमातही ऐकतो. एक जण म्हणतो, लाल झेंड्याबरोबर गेलो म्हणून आपले नुकसान झाले. दुसरा म्हणतो, गेलो नाही म्हणून झाले. अशा वादापायी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात, मंडळे फुटतात आणि विहाराचे काम अर्धवट राहते. म्हणून प्रस्तुत पाठात मत कोणते असावे यापेक्षा मतभेद कसा करावा, याचा आपण विचार करणार आहोत.

१. रोहिणीचे पाणी

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा बुद्ध व धम्मावरील इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरेची कथा त्यांनी त्यात स्वीकारली नाही. त्यांच्या मांडणीप्रमाणे शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने त्यास विरोध केला व दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी तंटा मिटवावा असे सुचविले. ती सूचना मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. तरीही युद्धात भाग घेण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा संघाने कुटुंबावर बहिष्कार घालण्याची व जमीन जप्त करण्याची भीती घातली. सिद्धार्थाने कुटुंबाला शिक्षा होऊ दिली नाही आणि स्वतः परिव्रज्या पत्करली.

बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही. म्हणून ही कथा आपण अधिक लक्षपूर्वक वाचली पाहिजे.

२. महायुद्ध

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदी पुढाऱ्यांना न विचारता हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. कम्युनिस्टांनी प्रथम हे साम्राज्यवादी युद्ध ठरविले. परंतु जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर ते त्यास लोकयुद्ध म्हणू लागले. बाबासाहेबांनी इंग्रजांच्या राज्याचे दोष कधी झाकले नाहीत. तथापि नाझींचा विजय झाला तर दलितांना व साऱ्या मानवजातीला काय भोगावे लागेल, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. परंतु कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची कायदादुरुस्ती याच कारकिर्दीतील कामाचे फळ होय.

३. निजामाचा मुलूख

आता आपल्या भागाकडे वळू. शेजारची बार्शी इंग्रजी अमलात होती, तर आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १९४७-४८ मध्ये येथील दलितांचे मतही दुभंगले होते. बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात होते आणि श्यामसुंदर निजामाची बाजू मांडत होते. संस्थान गेले तर सवर्णांचे राज्य येईल, ही भीती त्यामागे होती. ती अगदी निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेबांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्ये जाहीर निवेदन काढून, निजामाची बाजू घेऊ नका, असे आपल्या लोकांना बजावले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली व १७ तारखेस निजामाच्या सैन्याने शरणागती पत्करली. रझाकारांचा जुलूम संपला, हे खरे. परंतु त्यानंतर सूडाच्या भरात असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले, हेही तितकेच खरे. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव घेतले आहे. विजयी बाजूचे असणे आणि न्यायाच्या बाजूचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा आपल्याच मातीतला आहे.

४. लाल झेंडा आणि सुधारणा

बाबासाहेब कम्युनिस्टांचे विरोधक होते, एवढेच अनेकांना ठाऊक असते. परंतु ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध, त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मुंबईत एकत्र संप केला होता. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषण व दुःख नष्ट झाले पाहिजे, हे साध्य त्यांनी मान्य केले. हिंसा आणि हुकूमशाही ही साधने त्यांनी नाकारली. विरोधकाचे म्हणणे पूर्ण समजून घेऊन, त्यातील मान्य काय व अमान्य काय हे वेगळे करणे, याला वैचारिक विरोध म्हणतात.

समाजसुधारणेच्या प्रश्नावर हेच बाबासाहेब सरकारातून बाहेर पडले. हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा व वारसाचा हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्याच निवेदनात ३५० कोटींच्या महसुलापैकी १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. युद्धाचा खर्च आणि गरिबाची भाकरी यांचा हिशेब त्यांनी एकाच वहीत मांडला.

५. त्यांच्या पश्चात

१९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच काळात त्यात फूट पडली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड भूमिहीनांचा लढा पुढे नेत होते. हा मार्ग कम्युनिस्टांचा आहे, असा आक्षेप आपल्यातूनच आला. तरीही ६ डिसेंबर १९६४ पासूनच्या भूमिसत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. पुढे १९७२ साली दलित पँथर निघाली. तीही दोन वर्षांतच 'बुद्ध की मार्क्स' या वादावर नामदेव ढसाळ व राजा ढाले यांच्यात विभागली गेली. बाबासाहेबांनी जो प्रश्न अभ्यासाने सोडविला, त्याचा आपण शिक्का केला आणि एकमेकांच्या कपाळावर मारला.

६. कसोटी

वरील प्रसंगांत बाबासाहेब एका गोटात कायम बसलेले दिसत नाहीत. १९३८ साली ते कम्युनिस्टांबरोबर होते, १९४२ साली सरकारात होते, १९५१ साली सरकारबाहेर होते. गोट बदलला, कसोटी मात्र बदलली नाही : यातून सर्वांत खालच्या माणसाच्या पदरात काय पडेल, आणि ते मिळविण्याचे साधन शुद्ध आहे काय?

कोणाचे मत पटले नाही तर आपण त्यास उत्तर द्यावे, हात वर करून विरोधी मत नोंदवावे. परंतु त्याच्या घरच्या लग्नाला न जाणे, त्याच्या मयतीला खांदा न देणे, ही रीत शाक्य सेनापतीची आहे, सिद्धार्थाची नव्हे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कार सोसला त्यांनी तो आपल्या भावावर घालू नये, एवढीच आमची विनंती आहे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न :
१) सिद्धार्थाने युद्धाला विरोध करताना कोणता पर्याय सुचविला?
२) मार्क्सचे कोणते साध्य बाबासाहेबांनी मान्य केले व कोणती साधने नाकारली?
३) आपल्या गावातील एखादा मतभेद घ्या व वरील कसोटी त्यास लावून पाहा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!