‘स्टेडफास्ट’ आणि ‘निष्ठा’

रविवारच्या मराठी वर्गात ‘निष्ठा’ हा शब्द आला. मुलांना चटकन कळावा म्हणून मी सांगितले, निष्ठावान म्हणजे स्टेडफास्ट. एका मुलीने लगेच विचारले, “काकू, फास्ट म्हणजे तर जोरात पळणारा. तो निष्ठावान कसा?” मला उत्तर सुचेना. घरी येऊन शब्दकोश काढला.

‘फास्ट’चा मूळ अर्थ घट्ट, पक्का. धुतल्यावर न जाणारा रंग तो ‘फास्ट कलर’. आपण एकादशीला करतो त्या ‘फास्ट’चे मूळही तेच, म्हणजे नेम घट्ट धरणे. वेगाचा अर्थ मागाहून चिकटला.

‘स्टेड’ म्हणजे जागा. ‘होमस्टेड’मध्ये तो आहेच. जागा न सोडणारा तो स्टेडफास्ट. आता खरी गंमत पाहा. हा ‘स्टेड’ आणि संस्कृत ‘स्थिति’ ही सख्खी भावंडे आहेत. दोघांच्या मुळाशी उभे राहणे आहे, संस्कृतातला ‘स्था’ धातू. आणि आपली ‘निष्ठा’? ती नि + स्था! म्हणजे प्रतिशब्द म्हणून मी नकळत घरचीच बहीण पुढे केली होती. ‘ठाम’ आणि ‘ठाणे’ही याच घरातले.

पुढच्या रविवारी हे सांगितले, तर तीच मुलगी म्हणाली, “मग आईबाबा भारतातली जागा सोडून इथे आले. ते स्टेडफास्ट नाहीत?” वर्गात एकदम शांतता. खरे सांगते, हा प्रश्न मलाही अधूनमधून टोचतो.

या वेळी मात्र तयारी होती. आपल्या एसेक्समध्येच, माल्डनजवळ, ९९१ साली व्हायकिंगांशी लढाई झाली. तिच्यावरच्या जुन्या इंग्रजी काव्यात हा शब्द आला आहे. सरदार बिर्हटनॉथ पडल्यावर काहीजण पळाले, बाकीचे जागेवर उभे राहिले. त्या उभे राहिलेल्यांत अॅशफर्थ नावाचा एकजण होता. तो तिथला नव्हताच. दूर उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रियातून ओलीस म्हणून आलेला. परक्या मुलखात, परक्या सरदारासाठी तो बाण सोडत राहिला. कवीने त्याला मुद्दाम नावानिशी नोंदवले आहे.

“पण त्याला घरी जावंसं वाटत नसेल?” तिने विचारले.

“वाटत असेलच की,” मी म्हटले.

तिने अॅशफर्थचे नाव वहीत लिहून घेतले. निष्ठा मात्र अजून ‘निश्टा’ अशीच लिहिते.