साळीच्या वाणाची पारख एका सालांत होत नाहीं

नांदेड व लातूर हा कांहीं चिखलणीच्या भाताचा मुलूख नव्हे. किनवटाकडे पाऊस बरा. लातुराकडे त्याचा भरंवसा नाहीं. आमच्याकडील साळ बहुतेक पेरसाळ, म्हणजे काळ्या जमिनींत पाभरीनें पेरून पावसावर सोडलेली. तेव्हां "अमुक वाणानें गेल्या सालीं फार उतारा दिला" असें कोणीं सांगितलें, तर तो कोणत्या शेतांत व कोणत्या पावसांत, हें प्रथम विचारावें.

चुनखडीच्या काळ्या जमिनींत पाणी सांचून नसलें म्हणजे तिच्यांतील लोह पिकास घेतां येत नाहीं. साळीचीं कोंवळीं पानें पिवळीं व पुढें पांढुरकीं पडतात. पाणी तुंबलेल्या बांधींत तोच वाण हिरवागार दिसतो. परभणीच्या कृषि विद्यापीठानें (स्थापना १९७२) आंबेमोहरापासून काढलेला 'प्रभावती' हा वाण ही लोहाची उणीव सोसतो. त्याची परीक्षा केवळ चिखलणीच्या खाचरांत झाली असती, तर हा गुण दिसलाच नसता.

आतां हिशेब. समजा, दोन वाण तीन शेतांत शेजारीं शेजारीं पेरले. पहिल्यानें एकरीं २०, १० व ३ क्विंटल दिले; दुसऱ्यानें १५, ११ व ७. सरासरी दोहोंची ११ च. परंतु प्रत्येक शेतांतील दोहोंची सरासरी ही त्या शेताची प्रत मानावी: १७.५, १०.५ व ५. उत्तम शेतांतून हलक्या शेतांत येतां प्रत १२.५ नें उतरली. पहिला वाण १७ नें कोसळला, दुसरा ८ नेंच. फिन्ले व विल्किन्सन यांनीं १९६३ सालीं ऑस्ट्रेलियांत जवाच्या वाणांस हीच रीत लाविली होती. त्यांनीं वाण पुष्कळ घेतले, इतकाच भेद.

पैसेवारीचे कागद लिहितांना आम्हीं हें पाहिलें आहे: गांवची सरासरी ठीक भरते, आणि माळावरच्याच्या घरीं दाणा नसतो. ज्याचें शेत पाणी धरतें त्यानें पहिला वाण खुशाल घ्यावा; बरडवाल्यानें दुसरा. मात्र सर्वत्र सारखेंच थोडें देणारा वाण स्थिर म्हणून कोणीं गळ्यांत बांधूं लागल्यास तो घेऊं नये.

परीक्षेसाठीं प्रत्येक वाणास एकेक गुंठा पुरे. पेरणी एकाच दिवशीं व खत सारखें असावें. कडेच्या ओळी सोडून कापणी करावी, आणि दाणा वाळवून मगच तोलावा. असें निदान तीन सालें करावें, व त्यांतील एखादें साल कमी पावसाचें गेलें तर त्याचे आंकडे "बिघडलेले" म्हणून खोडूं नयेत.