शाळेसाठी दुर्बिणीची निवड

दुर्बीण विकत घेताना शिक्षकांचे लक्ष प्रथम पेटीवरील ‘५०० पट’ या आकड्याकडे जाते. वर्गणीचे पैसे वाया जातात ते येथेच. दुर्बिणीचे खरे सामर्थ्य वस्तुभिंगाच्या व्यासात असते. ६० मिलिमीटर व्यासाच्या भिंगास १२० पट विवर्धन पुष्कळ झाले. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण अंधूक. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारे २० पट विवर्धनाच्या दुर्बिणीतून! तिवई मात्र भक्कम हवी. ती डळमळली तर रांगेतील मुलाची पाळी येईपर्यंत शनी दृष्टीआड होतो. सूर्याकडे दुर्बीण मुळीच रोखू नये. नेत्रभिंगावर बसवावयाची काळी काच सोबत मिळाली असली तरी तीवर विसंबू नये. ती उष्णतेने तडकते आणि मुलाचा डोळा कायमचा जाऊ शकतो.