तक्रार कशी मांडावी?

रायपूर शहराच्या उत्तरेला, उरला औद्योगिक क्षेत्राला लागून बीरगांव आहे. लोखंडाच्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांची येथे मोठी वस्ती आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपूर परिसरात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. त्यांत पुढे विदर्भातून रोजगारासाठी आलेल्यांची भर पडली. या पाठासाठी अशाच एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. प्रसंग कल्पित आहे, पण अनोळखी नाही.

पगाराच्या दिवशी रोलिंग मिलमधील एक कामगार पत्नी व दोन मुलांना घेऊन रायपुरातील एका फास्ट फूडच्या दुकानात गेला. मुलांनी भिंतीवरील चित्रे पाहून बर्गर आणि फ्राइज मागितले. चौघांचे बिल ४८० रुपये झाले. पदार्थ समोर आले, तेव्हा पाव कडेने वाळलेला होता, आतली टिक्की गार होती आणि फ्राइज मऊ पडले होते. धाकट्या मुलीने एक घास घेऊन ताटली बाजूला सारली. पत्नी हळूच म्हणाली, "जाऊ द्या, इथं कशाला बोलायचं?"

या "जाऊ द्या"मागे बरेच काही दडलेले असते. कोपऱ्यावरच्या गाडीवर आलूगुंडा, म्हणजे आपला बटाटेवडा, गार निघाला तर हीच बाई तो परत करायला कचरली नसती. काचेचे दार, थंड हवा आणि गणवेशातले नोकर यांच्यापुढे मात्र माणसाला स्वतःचे कपडे आणि स्वतःची बोली आठवते. पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा हसे होण्याची भीती मोठी ठरते. काही जण याच भीतीपोटी उलट टोक गाठतात आणि एकदम आवाज चढवतात. मग चर्चा बर्गरची न राहता आवाजाची होते. दोन्ही मार्गांनी ४८० रुपये जातातच.

तक्रारीची सुरुवात नेमक्या शब्दाने होते, आणि या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. पदार्थ 'गार' असतो, 'शिळा' असतो, 'कच्चा' किंवा 'करपलेला' असतो. मीठ नसेल तर 'अळणी', जास्त झाले तर 'खारट'. दमट हवेने कुरकुरीतपणा गेला तर 'सादळलेला', चावताना ताणला जात असेल तर 'वातड'. तेलाला जुनाट वास येत असेल तर 'खवट', आणि पदार्थ खराब होऊ लागला असेल तर 'आंबूस'. या सर्वांऐवजी "काय घाण दिलंय!" असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला राग येतो, पण काय सुधारायचे ते कळत नाही.

'गार' आणि 'शिळा' यांतील फरक तर विशेष जपावा. गार हे निरीक्षण आहे. हात लावून कोणीही पडताळू शकतो. शिळा हा आरोप आहे. पदार्थ केव्हा केला हे ग्राहकाने पाहिलेले नसते. जे दिसले तेवढेच सांगितले, तर समोरच्याला नाकारणे कठीण जाते.

आता काउंटरवरील संवाद पाहू. काउंटरवरचा मुलगा गोंदियाकडचा, मराठी बोलणारा आहे असे समजू.

ग्राहक : भाऊ, जरा इकडे बघता का? हे आताच घेतलं. टिक्की आतून गार आहे आणि फ्राइज मऊ पडलेत.
मुलगा : काका, आज गर्दी आहे ना. असंच येतं ते.
ग्राहक : गर्दी दिसतेच आहे. सगळं तुमच्या एकट्याच्या हातात नाही, हेही कळतं. पण मुलीनं एकच घास घेतलाय, बाकी तसंच आहे. नुसतं गरम करून नको, नवीन करून मिळेल का?
मुलगा : ते मला करता येत नाही, काका.
ग्राहक : बरं. मग ज्यांना करता येतं त्यांना बोलावता का? मी इथंच थांबतो. हे बिल.

मुलगा वयाने लहान आहे. घरी आला असता तर त्याला 'तू'च म्हटले असते. येथे तो कामावर आहे, म्हणून 'तुम्ही'. "असंच येतं ते" या टोलवाटोलवीवर ग्राहक वाद घालत नाही. त्यातील खरे तेवढे मान्य करतो आणि 'पण' म्हणून पुन्हा मुद्द्यावर येतो. त्याला नेमके काय हवे, हेही तो सांगतो. असंतोष ऐकवून मागणी न सांगणारी तक्रार अर्धीच राहते. सर्वांत परिणामकारक मात्र शेवटचे दोनच शब्द आहेत : "हे बिल."

रायपुरात असा संवाद बहुधा हिंदीत होईल, हे खरे. तेथे एक भाषिक अडचण येते. हिंदीतील 'दीजिए' या रूपातच आर्जव आहे. मराठीतील 'द्या' आदरार्थी असले, तरी नुसते उच्चारल्यास हुकमासारखे वाटते. म्हणून मराठी माणूस विनंती प्रश्नाच्या रूपात करतो : 'द्याल का', 'देता येईल का', 'मिळेल का'. "बदल दीजिए"चे जसेच्या तसे "बदलून द्या" केले, तर हिंदीतला गोडवा मराठीत उतरत नाही. लेखनात हेच काम विध्यर्थी रूप करते : 'द्यावे', 'मिळावे', 'व्हावे'.

व्यवस्थापक भेटले नाहीत, तर लेखी तक्रार करावी. तिचा नमुना असा :

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(दुकानाचे नाव व पत्ता)

विषय : दिनांक …… रोजी मिळालेल्या खाद्यपदार्थांबाबत.

महोदय,
वरील दिनांकास सायंकाळी साडेसातच्या सुमारास आपल्या दुकानातून चार बर्गर व दोन फ्राइज घेतले. बिलाची रक्कम ४८० रुपये असून बिलाची छायाप्रत सोबत जोडली आहे. चारही बर्गरमधील टिक्की गार होती, पाव कडेने वाळलेला होता व फ्राइज मऊ पडले होते. ही बाब त्याच वेळी काउंटरवर सांगितली. व्यवस्थापक उपस्थित नसल्याचे उत्तर मिळाले. तेथील कर्मचारी सौजन्याने बोलले, हे नमूद करणे योग्य वाटते.
पदार्थ बदलून न मिळाल्यामुळे बिलाची रक्कम परत मिळावी, ही विनंती. पत्राचे उत्तर पंधरा दिवसांत मिळावे, अशी अपेक्षा आहे.
आपला विश्वासू,
(नाव, बीरगांव)

या पत्रात 'घोर', 'भयंकर', 'लाजिरवाणे' असे एकही विशेषण नाही. तारीख, वेळ, रक्कम आणि वस्तुस्थिती एवढेच आहे. कर्मचाऱ्याविषयीचे वाक्य काहींना अनावश्यक वाटेल. ते ठेवावे. तक्रारीचा राग प्रथम काउंटरवरच्या मुलावर निघतो, आणि टिक्की काही त्याने गार केलेली नसते. मूळ बिल मात्र स्वतःजवळच ठेवावे.

तोंडी आणि लेखी विनंती दोन्ही डावलल्या गेल्या, तर काय होऊ शकते? तमिळनाडूतील विल्लुपुरम येथे २०२२ साली एका गृहस्थांनी जेवणाची २५ पार्सले घेतली. एका पार्सलाची किंमत ८० रुपये होती. ती उघडल्यावर लोणचे नसल्याचे दिसले. त्यांनी हॉटेलात जाऊन लोणच्याचे पाकिटामागे एक रुपया याप्रमाणे २५ रुपये परत मागितले; हॉटेलने नकार दिला. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे गेले आणि २०२४ साली हॉटेलला एकूण ३५,००० रुपये भरपाई व खर्चापोटी देण्याचा आदेश झाला. पंचवीस रुपयांना नाही म्हणणे इतके महाग पडते, हे त्या दुकानदाराला आधी सुचले नसावे.

मराठी मुलखात ग्राहकांची संघटित चळवळ जुनी आहे. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ साली झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. ती दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. आयोगाकडे जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते.

येथे पुन्हा नेमक्या शब्दाकडे यावे लागते. 'गार' ही व्यवस्थापकाकडे नेण्याची तक्रार आहे. 'खवट' आणि 'आंबूस' या आरोग्याच्या तक्रारी आहेत. तेच तेल पुन्हा पुन्हा तापविल्याने त्यात घातक घटक वाढतात. १ जुलै २०१८ पासून असे घटक २५ टक्क्यांहून अधिक असलेले तेल वापरण्यास मनाई आहे. अशी शंका आल्यास राज्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे जावे. बिलावर १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. तक्रारीत तो लिहिला, तर दुकान शोधण्यात वेळ जात नाही.

स्वाध्याय

१. "तुम्ही आम्हाला नेहमीच शिळं देता!" हे वाक्य केवळ निरीक्षण सांगणारे करा.

२. पाठातील संवाद पुढे लिहा. व्यवस्थापक येतात, पण "अर्धे खाल्ले आहे, आता बदलता येणार नाही" असे म्हणतात. ग्राहकाने मुलीचा एकच घास झाल्याचे कोणत्या शब्दांत सांगावे?

३. समोशाच्या तेलाला खवट वास आल्याबद्दल अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना पत्र लिहा. पत्र दहा ओळींचे असावे आणि त्यात एकही विशेषण रागाचे नसावे.