तालीम आणि खुराक

उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत व्यायामशाळेलाही तालीम म्हणतात. कोल्हापूरचे पैलवान तालमीत मेहनत करतात आणि दूध, तूप, बदाम असा खुराक घेतात.

आता बाजारात प्रथिनांच्या भुकटीचे डबे मिळतात. माझ्या एका विद्यार्थ्याने अशा डब्यासाठी आईकडे हट्ट धरला. किंमत अडीच हजार रुपये! त्याची आई शिवणकाम करून घर चालवते. मी त्याला जवळ बसवले आणि हिशेब मांडला. तुम्हीही मांडून पाहा.

पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, ग्लासभर दुधात ६, चार चपात्यांत १२, वाटीभर घट्ट डाळीत ७ आणि ५० ग्रॅम फुटाण्यांत १० ग्रॅम प्रथिने असतात. झाले ना ४७? व्यायाम करत असाल तर आणखी दोन अंडी खा. डब्यातील भुकटीच्या एका मापात सुमारे २४ ग्रॅम, म्हणजे चार अंड्यांइतकीच प्रथिने असतात.

स्नायू वाढतात ते मेहनतीने, पुरेशा जेवणाने आणि झोपेने. जास्तीची प्रथिने शरीर साठवून ठेवत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ साली शरीर कमावण्यासाठी अशी भुकटी टाळण्याचा सल्ला दिला.

तो मुलगा आता रोज जोर-बैठका काढतो. त्याच्या खिशात फुटाण्यांची पुडी असते.

स्वाध्याय
१. मुलाने आईकडे कशासाठी हट्ट धरला?
२. तुमच्या कालच्या जेवणातील प्रथिनांचा हिशेब लिहा.