माल्टाला निघताय, तर एवढं ऐकून जा

अगं, तुझं आणि तुझ्या मैत्रिणीचं, दोन्ही घरं मिळून माल्टाला जायचं ठरतंय हे तुझ्या आईकडून कळलं आणि मनापासून आनंद झाला. तुमची मैत्री हॉस्टेलपासूनची. ते लंडनला, तुम्ही पुण्याला, आणि पोरांनी एकमेकांना आजवर मोबाईलच्या स्क्रीनवरच पाहिलेलं. मी आणि तुझे काका आमच्या मित्रमंडळींबरोबर तिथे राहून आलोय, म्हणून हक्काने सांगते. काय काय पाहायचं ते तुला कुणीही सांगेल. माझं सांगणं वेगळं आहे. मित्रांबरोबरची सहल आखताना सगळ्यांत लहान पाय कुणाचे आणि सगळ्यांत लहान पाकीट कुणाचं, हे आधी बघायचं आणि त्यांच्या बेताने चालायचं.

आधी तारखा. लंडनच्या शाळांना मेच्या शेवटी आठवडाभर सुट्टी असते आणि तशीच ऑक्टोबरच्या शेवटी. आपल्याकडे मे म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, त्यामुळे मेमध्ये दोघांचं हमखास जमतं. दिवाळी पुढेमागे होते, त्यामुळे ऑक्टोबरचा भरवसा नाही. मेमध्ये हवा सुरेख असते, पण समुद्र अजून गार असतो. कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेली मुलं थोड्याच वेळात कुडकुडत बाहेर येतात. त्यांच्यासाठी पोहण्याचे अंगभर कपडे घे. ऑक्टोबरात पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं, पण मध्येच एखादा दिवस पाऊस झोडपून काढतो. जुलै-ऑगस्टच्या वाटेला मात्र जाऊ नका. ऊन, गर्दी आणि भाडी, तिन्ही तेव्हा शिगेला पोचलेली असतात.

व्हिसा शेंगेनचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, तेव्हा मेची सहल असेल तर जानेवारीतच कामाला लाग. मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. मुलांचे जन्मदाखले आणि दोघा पालकांच्या सह्या तयार ठेव. तुझ्या मैत्रिणीलाही विचार, कारण हे हटकून राहून जातं. लंडनला इतकी वर्षं राहूनही पासपोर्ट भारतीय असेल, तर शेंगेन व्हिसा तिलाही काढावा लागेल. मुंबईहून थेट विमान नाही, कुठे तरी बदलावंच लागतं. मधला थांबा तीन-चार तासांचा ठेव. मुलं बरोबर असताना धावतपळत विमान गाठायची वेळ येऊ देऊ नये.

आता मुक्काम. अख्खा देश 316 चौरस किलोमीटरचा, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतात त्याच्या जेमतेम निम्मा. त्यामुळे लोकांना वाटतं, रोज नवीन ठिकाणी राहू. तसं करू नका. पाच रात्री असतील तर चार गोझोला काढा आणि शेवटची व्हॅलेटाला. गोझो हे शेजारचं धाकटं बेट आहे. चिरकेव्वाच्या धक्क्यावरून फेरी निघते आणि पंचवीसेक मिनिटांत पलीकडे पोचवते. तिकीट जाताना काढत नाहीत, परतीच्या वेळी गोझोच्या धक्क्यावर दोन्हीकडचे पैसे घेतात. जाताना तिकीटखिडकी शोधत बसू नका.

गोझोत पिवळसर दगडाची जुनी शेतघरं भाड्याने मिळतात. चार खोल्या, मोठं स्वयंपाकघर, अंगणात पोहण्याचा छोटा तलाव. दोन कुटुंबांसाठी याहून चांगली सोय नाही. मुलं झोपली की मोठ्यांना अंगणात बसून गप्पा मारता येतात, आणि खरं तर त्यासाठीच तुम्ही चाललाय. घर घेताना तीन गोष्टी लेखी विचारून घे. एसीचं बिल भाड्यात धरलंय की मीटरप्रमाणे वेगळं? तलावाला कुंपण आहे का? वरच्या मजल्याच्या जिन्याला कठडा आहे का? जुन्या घरांचे जिने अरुंद आणि गुळगुळीत झालेले असतात. तुझ्या सासूबाई येणार असतील तर त्यांची खोली खालीच हवी.

पैशाचं बोलणं विमानाची तिकिटं काढायच्या आधी होऊ दे. ते पौंडात कमावतात, तुम्ही रुपयांत. हे लपवण्यासारखं नाही आणि यात कमीपणाही नाही, पण कुणी तरी आधी तोंडाने बोलावं लागतं. नाहीतर रोज रात्री बाहेर जेवायला जायचं ठरतं, एक घर सहज पैसे काढतं आणि दुसरं मनात रुपयांचा हिशेब करत बसतं. टीटीएमएम मोठ्यांच्या सहलीला चालतं, मुलं बरोबर असताना प्रत्येक आइस्क्रीमचे पैसे वेगळे काढणं बरं दिसत नाही. सामाईक पाकीट करा. सुरुवातीला दोघांनी सारखी रक्कम टाकायची. किराणा, फेरी, पेट्रोल आणि सगळ्यांचं खाणं त्यातून. खरेदी आणि दारू ज्याची त्याची. पाकीट एकाच्याच हाती द्या, आणि तो माणूस नवराबायकोच्या जोडीतला जास्त शांत असलेला निवडा. एक वेळचं जेवण घरी आणि एक बाहेर, असं ठरवलंत तर कुणालाच जड जात नाही.

आता पाण्याचं. हे नीट ऐक, हे मी सगळ्यात कळकळीने सांगतेय. दोन कुटुंबं एकत्र असली की तलावाकाठी चार-पाच मोठी माणसं असतात आणि प्रत्येकाला वाटतं, कुणी तरी बघतंय. अशा वेळी कुणीच बघत नसतं. लहान मूल बुडतं ते आरडाओरडा न करता, मिनिटभरात, हाताच्या अंतरावर. आमच्या मंडळींनी एक लाल टोपी ठेवली होती. ती ज्याच्या डोक्यावर असेल त्याने मोबाईल घ्यायचा नाही, पुस्तक उघडायचं नाही, कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत. नजर पाण्यावर. अर्ध्या तासाने टोपी दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि देताना नाव घेऊन सांगायचं, ‘आता तू’. पहिल्या दिवशी सगळ्यांना ते पोरकट वाटलं. दुसऱ्या दिवशी मुलंच ओरडायला लागली, ‘टोपी कुणाकडे आहे?’ रोज पाण्यात उतरण्याआधी टोपी बाहेर काढा. फुगवलेल्या हातपट्ट्यांवर विसंबू नका, त्या निसटतात.

समुद्राचंही एक गणित आहे, तिथले लोक ते सकाळी उठल्या उठल्या करतात. आधी वारा बघायचा, मग किनारा ठरवायचा. वायव्येकडून जोराचा वारा येतो त्याला ते मजिस्त्राल म्हणतात. तो सुटला की उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या किनाऱ्यांवर लाटा उसळतात आणि बेटाच्या दुसऱ्या बाजूला पाणी शांत असतं. गोझोत उत्तरेला रामला हा तांबूस वाळूचा मोठा किनारा आहे. शांत दिवशी मुलांसाठी तो फार छान. वारा उत्तरेचा असेल तर तिथे न जाता दक्षिणेकडच्या होंडोकला जा, तिथलं पाणी इतकं नितळ असतं की तळ दिसतो. माल्टाच्या मोठ्या बेटावर मेलिएहाचा किनारा लहानग्यांना सगळ्यात सोयीचा, बरंच आत गेलं तरी पाणी कंबरेपर्यंतच. आयन तुफ्फीहा दिसायला सुंदर आहे, पण खाली उतरायला लांबलचक पायऱ्या आहेत आणि परत येताना पेंगुळलेलं पोर कडेवर असतं.

किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय घालायचा नाही. जांभळा झेंडा म्हणजे जेलीफिश आलेत. डंख बसलाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. चिकटून राहिलेले तंतू एखाद्या कार्डाच्या कडेने अलगद खरवडून काढा. खडकांच्या कपारीत काटेरी सागरी अर्चिन असतात, म्हणून सगळ्यांना पाण्यातले रबरी बूट हवेत, मोठ्यांनासुद्धा. मदतीचा नंबर 112, आणि पलीकडचा माणूस इंग्रजी बोलतो.

कोमिनो बेटावरच्या ब्लू लगूनचे फोटो तू पाहिलेच असशील. पाणी खरोखर तसंच निळं आहे. पण जागा चिमुकली, सावली जवळजवळ नाही, आणि दुपारी बोटीमागून बोटी येतात. 2025 पासून तिथे उतरायला आधी वेळ आरक्षित करावी लागते. जायचंच असेल तर सकाळची पहिली वेळ घ्या आणि ऊन चढायच्या आत परता. सगळ्यात धाकटं चार वर्षांच्या आतलं असेल, तर मी म्हणेन सोडून द्या.

बाकी पाहण्यासारखं थोडंच, पण निवडून पाहा. गोझोतली जगांतियाची दगडी मंदिरं इसवी सनापूर्वी 3600 च्या सुमारास उभी राहिली, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधी. तिथे सकाळी लवकर जा, मोकळ्यावर आहे. आणि श्वेइनीची मिठागरं चुकवू नका. किनाऱ्यालगतच्या मऊ खडकात चौकोनी उथळ कुंड्या कोरलेल्या आहेत, पटावरच्या घरांसारख्या शेजारी शेजारी. उन्हाळ्यात पाणी आटलं की तिथली माणसं झाडूने मीठ गोळा करतात, ढीग लावतात, पोत्यांत भरतात आणि रस्त्याच्या कडेला छोट्या पिशव्या विकायला मांडतात. मुलांना चिमूटभर चाखायला दे. कुंड्यांच्या कडांवरून मात्र कुणी धावायचं नाही, कडा मोडतात आणि त्या पुन्हा हातानेच घडवाव्या लागतात.

जमिनीखालचं हायपोजियम बघायची इच्छा असेल तर तिकीट काही महिने आधी काढ. तासाला फक्त दहा माणसं आत सोडतात आणि सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच नाही. तेव्हा आधी तुम्ही दोघी जा, पोरं बाप्यांकडे. मग अदलाबदल.

शेवटचा दिवस व्हॅलेटात. बारा वाजता वरच्या बाराक्का बागेखाली तोफ उडते, मुलांना आधी सांगून ठेव, नाहीतर धाकटं दचकून रडेल. बागेतून खालच्या धक्क्यावर जायला लिफ्ट आहे, सासूबाईंना जिने उतरायला लावू नका. सेंट जॉनच्या कॅथीड्रलमध्ये खांदे झाकलेले हवेत, पिशवीत दोन ओढण्या असू देत. आत काराव्हाज्जोने 1608 साली रंगवलेलं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र आहे. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि ती सही चित्रातल्या रक्ताच्या ओघळात आहे. मोठ्यांनी बघावं, लहानांना बाहेर ठेवावं. बागेच्या कठड्यावरून जे बंदर दिसतं, तिथेच 1878 साली मुंबईहून निघालेल्या बोटींतून सुमारे 7,000 हिंदी सैनिक उतरले होते. रशियाला धाक दाखवायला ब्रिटिशांनी त्यांना आणलं. त्यांत बॉम्बे आर्मीच्या पलटणीही होत्या. आपल्या मुलांना हे तिथे उभं राहूनच सांगायला हवं.

खाण्याचं म्हणशील तर, सामानात तूप, पेढे, खव्याची बर्फी घेऊ नकोस. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. हापूसची पेटीही नाही, ताज्या फळांना सरकारी प्रमाणपत्र लागतं. मैत्रिणीने कितीही गळ घातली तरी नाही म्हण. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पोहे आणि गोडा मसाला ने. कुकर नेऊ नकोस, भात पातेल्यातही होतो. तिथला पाव फार चवदार असतो. पास्तित्सी नावाची गरमागरम खारी मिळते, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. शाकाहारी असाल तर ‘चरबीतली आहे का’ असं विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी पीठ डुकराच्या चरबीत मळतात. हॉब्झ बिझ्झेइत म्हणजे पावाला टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेलं, पण त्यात टूना मासा असतो, नको असेल तर आधी सांगायचं. बिगिल्ला ही वाटलेल्या बाकल्याच्या दाण्यांची लसणीची चटणी आपल्या जिभेला लगेच आवडते. नळाचं पाणी बहुतांशी समुद्राचंच गोडं केलेलं, पिण्याजोगं असतं, पण चवीला खारट लागतं. मुलं ते पीत नाहीत आणि उन्हात कोरडी पडतात, म्हणून आल्या दिवशीच पाण्याच्या मोठ्या बाटल्या विकत घ्या.

गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवतात, त्याची धास्ती नको. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून ने. एक मोठी गाडी घेण्यापेक्षा दोन छोट्या घ्या. गावांतल्या गल्ल्या अरुंद आहेत, आणि एखाद्या सकाळी तुम्हाला एकीकडे आणि त्यांना दुसरीकडे जायचं असेल तर जाता येतं. रोज एखादा तास वेगळं राहिलात तर संध्याकाळी भेटायला मजा येते. मुलांच्या सीट आधीच सांगून ठेव. प्लग इंग्लंडसारखे चौकोनी तीन पिनांचे, मैत्रिणीकडे जास्तीचे चार्जर असतीलच.

गोझोहून परतायचा दिवस रविवार असू देऊ नका, संध्याकाळी गोझोच्या धक्क्यावर गाड्यांची रांग लागते. वारा फारच असेल तर फेरी खोळंबते, म्हणूनच शेवटची रात्र मोठ्या बेटावर काढायला सांगितलं. सामाईक पाकिटात काय उरलं, कुणी जास्तीचं घातलं, ते सगळं आदल्या रात्रीच समोरासमोर बसून मिटवा. पौंडातले, रुपयांतले जे काही असतील ते तिथल्या तिथे एकमेकांना द्या. निघायच्या सकाळी मुलांना भरवणं, बॅगा आणि पासपोर्ट एवढंच काम राहू दे.